नको म्हटल्यावर

सकाळी नऊच्या आत माझ्या नवऱ्याची दिवसभराची मतं तयार असतात. चहा झाला की तो गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसतो, खाली उस्मानपुऱ्यातली आमची गल्ली जागी व्हायला लागते, आणि हा एकेका गोष्टीवर निकाल द्यायला लागतो. हॉर्न हा इथं गाडीचा भाग नसून चालवणाऱ्याचा अवयव आहे. गतिरोधक एवढे उंच करायचे असतील तर त्यांना टेकडी म्हणावं आणि वर एक बाकडं टाकावं. साखरेत चहा घालायला हरकत नाही, पण मग त्याला चहा म्हणू नये. दारं दिवसभर उघडीच ठेवायची तर सुताराला बोलावलं कशाला. हे सगळं तो मराठीत बोलतो, आणि तेही पुस्तकी मराठीत, कारण लग्नानंतर त्याला शिकवायला माझ्याकडं शाळेतल्या पुस्तकांपलीकडं काही नव्हतं. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा तो ‘आपण जरा बाजूला व्हावे’ असं म्हणतो. कुत्रा होतोही.

नवरा डच, मी इथलीच. जायकवाडीचं धरण बघायला तो तरुणपणी पैठणला आला होता, चार पाहुण्या इंजिनिअरांबरोबर. मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते आणि त्या पाहुण्यांना इंग्रजीतून धरण समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. मला धरणातलं ओ की ठो कळत नव्हतं. दरवाजे कुठले, कालवे कुठले, मी ठोकून देत होते. त्याला सगळं कळत होतं आणि तरी तो माना डोलवत ऐकत राहिला. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मग मी हॉलंडला गेले आणि इथं जेवढी वर्षं काढली होती त्याहून जास्त तिथं काढली. त्याचा देश समुद्राच्या खाली आहे, म्हणजे जमीन खाली आणि पाणी वर, त्यामुळं त्याची सगळी नोकरी पाणी उपसून बाहेर टाकण्यात गेली. मी एका शाळेच्या ग्रंथालयात होते. दोघंही निवृत्त झालो, मुलगी तिच्या संसारात रमली, आणि मला इकडचे वेध लागले. वेध म्हणजे चांगलेच लागले. भांडी घासताना मला उस्मानपुरा दिसायला लागला.

एका संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मी त्याला विचारलं, आपण कायमचं तिकडं जाऊन राहू या का. तो म्हणाला, “कायमचं नको. एक वर्ष राहून बघू.” मी म्हटलं, “बरं.” विषय संपला. त्याच्या देशात विषय असेच संपतात. माणूस विचारतो, दुसरा माणूस उत्तर देतो, आणि दोघं उठून आपापल्या कामाला लागतात. तिथलं घर आम्ही वर्षभरासाठी भाड्यानं दिलं, परतीची तिकिटं निघतानाच काढली, आणि इथं दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट भाड्यानं घेतला. मला मात्र मनातून वर्ष नको होतं, उरलेलं सगळं आयुष्य हवं होतं. ते मी पुन्हा बोलून दाखवलं नाही. त्याऐवजी मी त्याची मतं ऐकत बसायची. हॉर्नवर बोलला की मी कॅलेंडर बघायची. हा चालला परत, असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यानं गल्लीत नाव काढलं.

तळमजल्यावर अक्का राहतात. मूळच्या लासूर स्टेशनच्या, घरची शेती, मुलं इथं कंपनीत, म्हणून त्या इथं. समोरच्या घरात चाचा राहतात, हिमरूच्या शालींचं दुकान मुलाच्या हाती देऊन आता दिवसभर ओट्यावर बसायला मोकळे. दोघं मिळून आम्हाला भेटायला वर आले. मी शिंप्याकडं गेले होते. नवऱ्यानं त्यांना बसवलं आणि विचारलं, “आपण चहा घेणार का?”

अक्का म्हणाल्या, “नको नको, आत्ताच झाला.”

चाचा म्हणाले, “नक्को जी, तकलीफ कायकू.”

“बरं,” असं म्हणून हा समोर बसला आणि त्यानं त्यांना समुद्र कसा अडवतात ते सांगायला सुरुवात केली. मी परत आले तेव्हा समुद्र अर्धा अडवून झाला होता. अक्का पदराच्या टोकाशी खेळत होत्या, चाचा खिशातली सुपारी शोधत होते, आणि पाहुण्यांसमोर साधा पाण्याचा पेला नव्हता. मी डोळ्यांनी नवऱ्याला विचारलं. त्यानं मोठ्या आनंदात सांगितलं, “त्यांना चहा नको आहे. मी विचारलं.”

मी धावत आत गेले आणि आलं ठेचायला घेतलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. संध्याकाळी भाजीवाल्याच्या गाडीशी मला कुणीतरी सांगितलं, अक्का म्हणत होत्या, दाजी माणूस लई साधा हाय, फक्त हात जरा आखडता हाय. दाजी म्हणजे बहिणीचा नवरा. पहिल्याच भेटीत अक्कांनी मला बहीण करून टाकली होती आणि माझ्या नवऱ्याला चिक्कू. गाडीशी उभ्या उभ्या मला इतकं हसू आलं की मेथीची जुडी खाली पडली.

हसू यायचं कारण दुसरंच होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी सासूबाईंच्या घरी गेले तेव्हा त्यांनी कॉफी दिली आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढं केला. मी चांगल्या घरची मुलगी, म्हणाले, “नको.” सासूबाईंनी डबा बंद केला आणि कपाटात ठेवला. मी कपाटाकडं बघत राहिले. आता उघडतील, मग उघडतील. रात्रीपर्यंत ते कपाट उघडलं नाही. प्रवासानं भूक अशी खवळलेली होती की मला रडू फुटलं, आणि नवऱ्याला वाटलं, हिला माहेरची आठवण आली. तिथं नको म्हणजे नको असतं हे मला त्या डब्यानं शिकवलं. पुढं मी इतकी तयार झाले की लोकांनी विचारायच्या आत हो म्हणायला लागले.

आता त्याची पाळी होती. रात्री जेवताना मी त्याला समजावलं, इथं पहिलं नको हे फक्त सुरुवात असते. पाहुण्यानं नको म्हणायचं, आपण पुन्हा विचारायचं, त्यानं पुन्हा नको म्हणायचं, आपण ऐकायचंच नाही.

“पण मग त्यांना खरंच नको असेल तर?”

“ते कळतं.”

“कसं?”

मला सांगता येईना. लहानपणापासून येतं ते कसं सांगणार? त्यानं सुरी खाली ठेवली आणि आपलं मत दिलं, की ही जगातली सर्वांत वेळखाऊ चहा करायची पद्धत आहे.

पण तो इंजिनिअर. एखादी गोष्ट वेळखाऊ आहे म्हणून त्यानं सोडून दिली असती तर त्याचा देश केव्हाच बुडाला असता. त्यानं आग्रह शिकायला घेतला. सुरुवात कुरिअरवाल्यापासून झाली. तो बिचारा सही घेऊन निघाला होता, ह्यानं त्याला जिन्यात गाठून चहा, मग सरबत, मग पाणी, मग पुन्हा चहा असं विचारलं. कुरिअरवाला ‘सर, गाडी चालू आहे’ म्हणत होता आणि हा ‘असं कसं, असं कसं’ म्हणत मागोमाग उतरत होता. ‘असं कसं’ हे त्याला मीच शिकवलं होतं. त्यानंतर आमची पार्सलं खाली अक्कांकडंच यायला लागली.

मग कूलर दुरुस्त करणारा. मग विजेचं मीटर बघायला आलेला माणूस. आमच्या घरी चहा इतका व्हायला लागला की दूधवाल्यानं मला विचारलं, घरात काही कार्य आहे का. ह्याचं आपलं चाललेलं, मान खाली घालून, मन लावून. सगळ्यांवर कडी झाली ती रमजानात. दुपारी चाचा पकड परत करायला वर आले. नवऱ्यानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहा विचारला.

“नक्को,” चाचा म्हणाले.

“असं कसं.”

“नक्को, मियाँ.”

“अर्धा कप.”

“अरे नक्को जी.”

“बरं, मग खारी तरी,” म्हणत हा बशी घेऊन आला आणि त्यानं खारीचा तुकडा चाचांच्या हातात जवळजवळ कोंबला. चाचांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, चिडले. चाचा हसत होते. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “दामादजी, ये वाला नक्को असली है. रोजा है मेरा.”

माझा नवरा गोरा आहे, त्यामुळं लाजला की लपत नाही. कानांपासून टकलापर्यंत लाल झाला. हात जोडून माफी मागायला लागला, तीही पुस्तकी मराठीत, ‘अनवधानाने’ वगैरे. चाचा म्हणाले, “बेटी, सांग ह्यांना, काही बिघडलं नाही.” त्या संध्याकाळी रोजा सुटायच्या वेळी चाचांकडून भज्यांचं आणि फळांचं मोठं ताट आलं, निरोपासह. निरोप असा होता की आता करा म्हणावं आग्रह, कितीही.

हा प्रकार अक्कांच्या कानावर गेला आणि त्यांनी दाजींची शिकवणी स्वतःच्या हाती घेतली. ओट्यावर बसवून त्यांनी त्याला ते सांगितलं जे मला सांगता आलं नव्हतं.

“दाजी, हात बघायचा नाय. हात सगळेच आडवा धरत्यात. डोळं बघायचं. हात ताटावर आन डोळं वाढनारीच्या तोंडाकडं, तर नको खरं. हात ताटावर आन डोळं भांड्याकडं, तर वाढायचं. मुकाट वाढायचं.”

“आणि ज्याला वाढतात त्यानं काय करायचं?”

“त्यानं शेवटाला म्हनायचं, बरं, अगदी थोडं. तेवढं म्हनलं की झालं. वाढनारीचाबी मान ऱ्हातो, खानाऱ्याचाबी.”

‘बरं, अगदी थोडं’ हे वाक्य त्याला फार आवडलं. तो ते घरात म्हणून बघायचा. आंघोळीला जा म्हटलं की ‘बरं, अगदी थोडं.’ मी हसायची आणि हसताना मनात म्हणायची, शिकून काय उपयोग, निघायचंच आहे.

कारण मतं काही थांबली नव्हती. पाण्याबद्दल तर तो रोजच बोलायचा. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. येईल तेव्हा भरून ठेवायचं, टाकीत, पिंपात, कळशीत, अगदी न लागणाऱ्या कुकरातसुद्धा. ज्या माणसानं जन्मभर पाणी हाकललं त्याला आता पाण्याची वाट बघत बसावं लागत होतं. “माझ्या देशात पाणी दाराबाहेर उभं असतं आणि आम्ही त्याला आत येऊ देत नाही,” तो सांगायचा. “इथे आम्ही दार उघडून बसलो आहोत आणि ते येत नाही.” मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची आणि तिकिटाची तारीख आठवायची.

आता वाटतं, मी नीट बघितलं नाही. कारण बोलायचा तो तक्रारीनं, पण खालून अक्कांची हाक आली, “दाजी, पानी आलं,” की हा अर्ध्या चड्डीत, हातातलं वर्तमानपत्र टाकून, जिना असा उतरायचा की वयाचा विसर पडावा. मोटर कुणी लावायची, पाइप कुणाच्या टाकीला आधी, हवा अडकली तर काय करायचं, सगळं त्याच्याकडं आलं होतं. सगळ्यांच्या टाक्या भरल्या की तो ओलाचिंब वर यायचा आणि म्हणायचा, काय ही व्यवस्था, आणि चेहरा असा की जणू सण झाला. मी शब्द ऐकले. चेहऱ्याकडं बघायचं ते राहूनच गेलं.

उन्हाळा कडक लागला आणि अधिक महिना आला. आमच्याकडं त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तूप ओतून, कपडे करून. परतीची तिकिटं त्याच महिन्याच्या शेवटची होती. एके सकाळी अक्का नवीन लुगडं नेसून वर आल्या. मला म्हणाल्या, “ताई, आमच्या दाजीला धोंडे घालायचेत.”

मी म्हटलं, “अक्का, कशाला? माझे आई-वडील नाहीत आता, माहेरचं असं कुणी उरलं नाही इथं.”

“माहेर म्हंजी काय फकस्त आईबापच व्हय?” असं म्हणून त्या नवऱ्याकडं वळल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, “दाजी, येत्या गुरुवारी आमच्याकडं जेवायला यायचं.”

“हो,” तो म्हणाला. “नक्की. किती वाजता?”

“बारा वाजता,” एवढंच अक्का म्हणाल्या. थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग गेल्या. मला वाटलं, मोठी कामं पडली असतील. पण तासाभरानं त्या परत आल्या, माझ्या कानाशी लागल्या. “ताई, दाजी रागावले का काय माझ्यावर?”

“का हो?”

“आवं, एकदम हो म्हनले. जावई मानूस, आन पहिल्या सांगन्याला हो? मी रातभर विचार करून ठेवला व्हता, ते असं म्हनतील, मी असं म्हनीन. सगळं तोंडातच ऱ्हायलं माझ्या.”

मी आत गेले. तो चष्मा लावून मोटरचं माहितीपत्रक वाचत होता. मी विचारलं, एकदम हो का म्हणालास. त्याचं गणित सरळ होतं. शेवटी हो म्हणावंच लागतं, हे आता त्याला माहीत झालं होतं. मग मधला वेळ वाचवला. अक्कांचं वय आहे, त्यांना उभं कशाला ठेवायचं. मी पलंगावर बसले आणि पोट धरून हसले. एका वर्षाच्या आत ह्या माणसानं दोन्ही टोकांनी चूक करून दाखवली होती.

मग मी दोघांना समजावलं आणि सगळं पुन्हा झालं. अक्का जिन्यात गेल्या, तिथून परत वर आल्या, दारात उभ्या राहून म्हणाल्या, “दाजी, येत्या गुरुवारी आमच्याकडं जेवायला यायचं.”

“नको नको,” हा म्हणाला, “आपल्याला त्रास होईल.”

“त्रास कशाचा आलाय?”

“ऊन फार आहे.”

“उनात काय जेवत नाय व्हय मानूस?”

“मला पथ्य आहे.”

“ते पथ्य लासूरला पाठवून देऊ.”

हा इतका रंगला की मलाच काळजी वाटायला लागली, आता थांबतो की नाही. दहा मिनिटं त्यानं अक्कांना खेळवलं. मग डोळे खाली घातले आणि म्हणाला, “बरं, अगदी थोडं.” अक्का तृप्त होऊन खाली गेल्या.

गुरुवारी अक्कांचे मालक लासूरच्या शेतावरून मुद्दाम आले. जावयाचे पाय धुवायची पद्धत असते, ती त्यांनी सुरू केली, आणि माझ्या नवऱ्याला तळपायाला गुदगुल्या होतात हे त्यांना कोण सांगणार. पाटावर बसलेला तो सहा फुटी माणूस किंचाळला आणि त्यानं पाय वर ओढला, ताम्हन उलटलं, पाणी अक्कांच्या मालकांच्या धोतरावर. सगळे गडबडले. मालक म्हणाले, “पाऊस पडला म्हनायचा,” आणि दुसरा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून धुतला. मग टॉवेल, टोपी, पायजम्याचं कापड. टोपी डोक्यात बसेना, टकलावर नुसती ठेवली, आणि तो मान न हलवता जेवला. चाचाही आले होते. त्यांनी हिमरूची शाल त्याच्या खांद्यावर घातली, भर उन्हाळ्यात, आणि सांगितलं की उद्या नान-खलियाचं जेवण आमच्याकडं, दामाद काय फक्त खालच्यांचाच नाही. घामानं निथळत, शाल आणि टोपी सांभाळत, तो धोंडे खात होता.

अक्का वाढत होत्या. मी तुपाची वाटी घेऊन मागं उभी होते. दोन धोंडे झाले, तिसरा आला. त्यानं हात आडवा धरला. अक्कांनी डोळे बघितले आणि वाढला. मग वाढता वाढता त्यांनी सहज विचारलं, “मग दाजी, ह्याच महिन्यात जायलेत म्हनं तुमी?”

“हो. तिकीट आहे.”

“नका जाऊ.”

“नाही, जायला हवं.”

“असं कसं. ऱ्हावा की.”

“नको, अक्का. तिथं घर आहे आमचं.”

“घराला काय पाय फुटनार हायत? आन पान्याची मोटर कोन बघनार?”

“नको,” तो पुन्हा म्हणाला. हात ताटावर होता. टोपी घसरत होती, चाचांनी ती सरळ केली. अक्कांनी पळी खाली ठेवली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, “ताई, तुमी बघितलं का? हे नको खरं नाय.”

मी बघितलं नव्हतं. मी तुपाच्या वाटीकडं बघत होते, कारण वर बघितलं असतं तर रडले असते. अक्कांनी बघितलं होतं. तो अंगणाकडं बघत होता, जिथं भिंतीला टेकून मोटर ठेवलेली असते.

जेवण झालं. वर आलो. शाल काढली, टोपी टेबलावर ठेवली, कूलरसमोर तो आडवा झाला. पोट इतकं भरलेलं की बोलवत नव्हतं. मी पाणी आणून दिलं आणि विचारलं, “अक्का म्हणाल्या ते खरं आहे का?”

“काय?”

“तुझं नको खरं नव्हतं ते.”

पाणी पिऊन तो पुन्हा आडवा झाला. मग म्हणाला, “पहिलं खरं होतं. तिकडं, टेबलाशी म्हणालो होतो ते. दिवाळीपर्यंत खरं होतं.”

“आणि मग?”

“मग मी वाट बघत होतो.”

“कशाची?”

त्यानं मान वळवली. टकलावर टोपीची गोल रेघ उमटली होती. “तू एकदाच विचारलंस,” तो म्हणाला.

त्याला मी सगळं वर्ष शिकवत होते की पहिलं नको धरायचं नसतं. कुरिअरवाल्याला विचार, मीटरवाल्याला विचार, चाचांना विचार, पुन्हा विचार. आणि मला जे सगळ्यांत जास्त हवं होतं ते मी एकदा विचारलं आणि डबा बंद करून कपाटात ठेवला. सासूबाईंनी मला घडवलं ते पक्कं घडवलं होतं. आमच्या घरात खरी डच मी होते.

मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दोन्ही एकदम. मी त्याच्या शेजारी बसले, नाक पुसलं, आणि नीट, अक्कांसारखा पदर सावरायला पदर नव्हता म्हणून ओढणी सावरून, विचारलं, “आपण इथंच राहू या का?”

“नको,” तो म्हणाला. त्याच्या ओठांचे कोपरे हलत होते.

“असं कसं. राहू या की.”

“नको. हॉर्न फार वाजवतात.”

“वाजवू देत. राहू या.”

तो तोंड उघडणार एवढ्यात खालून अक्कांनी हाक मारली, “दाजी, पानी आलं.” धोंड्यांनी भरलेलं पोट घेऊन तो उठला, चपला उलट्या घातल्या आणि धाडधाड जिना उतरत गेला. मी कठड्यावरून वाकून त्याच्या टकलाकडं बघत, सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात, पुन्हा विचारलं. चाचा ओट्यावरून वर बघायला लागले. खाली मोटर घरघरली, पाइप फुगला, टाकीत पाण्याची पहिली धार पडल्याचा आवाज आला.

“बरं,” तो खालून ओरडला, “अगदी थोडं.”